धुतल्या तांदळाचा फंड

संस्थेची मीटिंग एकादशीलाच भरवायची, हा गेनबा महाराजांनी घालून दिलेला दंडक. पोट रिकामं असलं की माणूस भांडत नाही, असं त्यांचं मत होतं. महाराजांनी जन्मभर कीर्तनं केली, धायरीच्या माळावर कीर्तन महाविद्यालय काढलं, पण स्वतःच्या घरातली माणसं काही त्यांना ओळखता आली नाहीत. त्यांच्या घरात एकादशीला पोट रिकामं नसतंच. महाराज जाऊन बारा वर्षं झाली तरी दंडक पाळला जात होता, आणि साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि रताळ्याचे काप एवढा उपास आटोपून कार्यकारी मंडळ सभागृहात येऊन बसलं, तेव्हा त्यांच्या थोरल्या मुलाला, दशरथ महाराजांना, ढेकर आवरत नव्हता.

विषय एकच होता. महाविद्यालयापुढची जमीन रस्त्यात गेली, तेव्हा मिळालेली रक्कम गेनबा महाराजांनी बँकेत ठेवून दिली होती. पूर्वी बँका तेरा टक्के व्याज द्यायच्या आणि त्यात साठ विद्यार्थी दोन्ही वेळ फुकट जेवायचे. आता देशाची प्रगती झाली होती. सिंहगड रोडला जिकडेतिकडे मोटारींची शोरूम निघाली, दशरथ महाराजांच्या इंद्रजीतसारखी पोरं हिंजवडीला संगणकावर बसू लागली आणि बँकेचं व्याज सहा टक्क्यांवर आलं. ठेवीची मुदत पुढच्या आठवड्यात संपणार होती. पैसा दुसरीकडे कुठे गुंतवला नाही, तर दिवाळीनंतर विद्यार्थ्यांचं जेवण बंद करावं लागणार होतं.

पोरांचं स्वयंपाकघर महाराजांच्या पत्नी बायडाबाईंचं होतं. गेनबा महाराजांच्या मागे संस्थेच्या अध्यक्ष त्याच, पण अध्यक्षांच्या खुर्चीवर त्यांना कुणी फारसं पाहिलं नव्हतं. त्या भाकऱ्यांच्या परातीपाशी सापडायच्या. पोरं जेवल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, हा त्यांचा स्वतःचा दंडक, आणि तो मात्र त्या खरोखर पाळत होत्या.

"चला, सुरुवात करा," दशरथ महाराज लेकीला बोलावं तशा मायेने सुनेला म्हणाले. ते महाविद्यालयाचे प्राचार्य. आवाज असा, की मीठ मागितलं तरी निरूपण वाटावं.

राजनंदिनीने लॅपटॉप उघडला. ती इंद्रजीतची बायको, कोथरूडची, गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या ऑफिसात नोकरीला. लग्न होऊन दीडच वर्ष झालं होतं आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं होतं, की या घरात तिच्या सल्ल्याची फी म्हणजे रताळ्याचे काप.

"आबा, धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागेल, तो अर्ज मी करते. आधी पैसा कुठे ठेवायचा नाही, ते पक्कं करू या."

दशरथ महाराजांनी भिंतीवरच्या संगमरवरी पाटीकडे हात केला. पाटीवर गेनबा महाराजांचे शब्द कोरलेले होते: संस्थेचा पैसा दारूला, मटणाला, तंबाखूला आणि जुगाराला लागता कामा नये.

"ठीक. सिगारेटच्या कंपन्या मी आधीच गाळल्या आहेत."

"उत्तम!"

"फक्त समोर जी उदबत्ती लावली आहे ना, ती सिगारेटच्याच कंपनीची आहे. पुड्यावर मागे बारीक अक्षरात लिहिलंय."

सगळ्यांनी गेनबा महाराजांच्या तसबिरीकडे पाहिलं. धूर शांतपणे वर चालला होता. दशरथ महाराजांच्या पत्नी सुशीलाबाई उठल्या आणि त्यांनी ती उदबत्ती चिमटीत धरून बाहेर तुळशीच्या मातीत विझवली. पुडा मात्र त्यांनी कपाटात नीट ठेवला, कारण त्यात अजून बऱ्याच काड्या होत्या.

"औषधांची एक कंपनी आहे," राजनंदिनी पुढे म्हणाली. "जुनी, भरवशाची."

"औषध म्हणजे परोपकारच की," दशरथ महाराज म्हणाले.

"दादा, पण कॅप्सूलचं वरचं कवच कशाचं असतं?" धाकटा भाऊ दिगंबर अगदी निरागसपणे म्हणाला. "जनावराच्या हाडाचं असतं म्हणतात."

दशरथ महाराज रोज सकाळी पित्तावर एक कॅप्सूल घेत. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "काट ते नाव."

"आणि तुमची कॅप्सूल, आबा?"

"मला आजार आहे, सूनबाई. संस्थेला कुठं आजार आहे?"

दिगंबर खिडकीकडे तोंड करून हसला. तो बिल्डर. बांधायचं असो की पाडायचं असो, पहिला घण कुठे मारायचा ते त्याला बरोबर कळायचं. सिंहगड रोडला लग्नाच्या कार्यालयांना काय भाव आलाय हेही त्याला ठाऊक होतं. हे सभागृह आणि मागचं स्वयंपाकघर मिळून झकास मंगल कार्यालय झालं असतं. मध्ये आडवी येत होती ती फुकटची पंगत. ती बंद पाडायला त्याला काहीच करायचं नव्हतं. फक्त दादाच्या सोवळ्याला अधूनमधून वारा घालायचा होता.

"साखर कारखाना?" राजनंदिनीने विचारलं.

"साखर गोड," दशरथ महाराज म्हणाले आणि त्यांनी दिगंबरकडे पाहिलं, आता हा काय काढतो म्हणून.

"साखरेनंतर मळी उरते," दिगंबर म्हणाला. "मळीचं काय होतं ते मी आईसमोर कशाला सांगू?"

"दारू होती," बायडाबाई मागून म्हणाल्या. त्या केव्हा येऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. "मला म्हाईत हाय. आपला ऊस तिथंच जातोय."

"ऊस आपण देतो, आई. मळी ते काढतात," दशरथ महाराजांनी खुलासा केला. "काट ते नाव."

इंद्रजीतला हा खेळ आता आवडू लागला होता. "आबा, सॉफ्टवेअर कंपनी घ्या ना! नो स्मोक, नो लिकर, एकदम क्लीन बिझनेस. आमचीच घ्या."

"तुमचा क्लायंट कोण रे सध्या?" दिगंबरने पुतण्याला विचारलं.

काकाच्या नव्या स्कीममध्ये इंद्रजीतला सवलतीत फ्लॅट हवा होता, त्यामुळे काकाशी खोटं बोलणं परवडणारं नव्हतं. "लास व्हेगासचा एक ग्रुप आहे."

"ते कुठलं क्षेत्र?" सुशीलाबाईंनी हात जोडण्याच्या तयारीने विचारलं.

"अमेरिकेतलं, आई. तिथे मोठमोठ्या हॉटेलांत जुगार चालतो. पण मी फक्त टेस्टिंग करतो!"

"म्हणजे जुगार नीट चालतो की नाही ते हे बघतात," राजनंदिनी म्हणाली. नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं, की आज घरी जाताना स्कूटरवर दोघांत बॅग ठेवली जाणार हे तिला कळलं. पण तिचाही इलाज नव्हता. या मंडळींना एकदा कुठेतरी थांबवायला हवं होतं आणि कोथरूडच्या माहेरी गप्प बसायचं शिक्षण तिला मिळालं नव्हतं.

ते नावही कटलं. मग पंप बनवणारी कंपनी कटली, कारण पंप दारूच्या कारखान्यालाही लागतात. सिमेंटची कटली, कारण खाटीकखाना सिमेंटचाच असतो. दशरथ महाराजांच्या चेहऱ्यावर तेज चढत चाललं होतं. एरवी पाप कसं ओळखावं हे ते व्यासपीठावरून सांगत. आज ते प्रत्यक्ष पापाला पकडून बाहेर काढत होते आणि त्यांना त्याची गोडी लागली होती.

"आबा, शेवटचं," राजनंदिनी दमून म्हणाली. "सरकारी रोखे. आठ टक्के. पैसा थेट सरकारला. यात सगळा खर्च निघणार नाही, पण निम्म्याहून जास्त जेवण निघेल. याला तरी नाही म्हणू नका."

महाराज खरं तर हो म्हणणार होते.

"सरकारला दारूवरचा कर कडू लागतो होय?" दिगंबर म्हणाला. "प्रत्येक बाटलीमागं मिळतो त्यांना."

भारत सरकार कटलं.

"मग पैसा डब्यात घालून पुरून ठेवा," राजनंदिनीने लॅपटॉप मिटला. "फक्त डबा कुणी बनवलाय ते बघून घ्या."

दिगंबर याच क्षणाची वाट पाहत होता. तो खाकरला. "दादा, बाबांच्या शब्दाबाहेर आपल्याला जाता येत नाही. मग उपाय एकच. पोरांकडून जेवणाची फी घ्यायची. स्वयंपाक कंत्राटदाराला द्यायचा. हॉल लग्नसराईत भाड्यानं द्यायचा. शुद्ध पैसा. लग्नासारखं पवित्र कार्य दुसरं कुठलं?"

"आणि ज्यांना फी जमणार नाही?" राजनंदिनीने विचारलं.

"देव बघेल," दशरथ महाराज म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, ते काही दुष्ट नव्हते. पण हात स्वच्छ राहण्याचं समाधान एवढं मोठं होतं, की त्यापुढे साठ पोरांची ताटं त्यांना नीट दिसत नव्हती. "इंद्रजीत, तुझं मत?"

इंद्रजीतने आधी काकाकडे पाहिलं, मग बायकोकडे. "मेजॉरिटी म्हणेल तसं," तो म्हणाला आणि वाटीत बरोबर आणलेला रताळ्याचा शेवटचा काप उचलला.

बायडाबाईंना हे सगळं कळायला वेळ लागला नव्हता. शेअर काय, रोखा काय, त्यांना ठाऊक नव्हतं. पण दिगंबर लहानपणी बैल सोडून द्यायचा आणि दशरथ त्यासाठी मार खायचा, तेव्हापासून दोघांची रीत त्यांना ठाऊक होती. बीड, परभणी, हिंगोलीकडची पोरं इथे येतात ती काही गळ्यात सूर घेऊन येत नाहीत. काही नुसती भूक घेऊन येतात, आणि दोन महिने पोटभर जेवल्यावर त्यांना सूर सापडतो. फीचं नाव काढलं की आधी तीच पोरं ट्रंका उचलणार. मग आपण या घरात उरायचं तरी कशासाठी? नुसत्या या विचारानेच त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

"दिगू," त्या म्हणाल्या. "बिबवेवाडीचा गाळा कुनाला दिलायस तू?"

"हॉटेल आहे, आई."

"कसलं?"

"म्हणजे... जेवणाचं."

"परमिट रूम आहे," सुशीलाबाई म्हणाल्या. नवऱ्याच्या घरात त्या सहसा बोलत नसत, पण खरं बोलायची संधी आली की सोडत नसत. "माझा भाऊच बसतो तिथं. सांगत होता, चकणा चांगला देतात."

दशरथ महाराज मोठ्याने हसले. इतकं मनापासून, की त्यांचं उपरणं खांद्यावरून घसरलं.

"हसू नगंस, म्हाराज," बायडाबाई म्हणाल्या. "गेल्या म्हयन्यात सप्ता केलास तो कुनी बोलीवला व्हता?"

महाराजांचं हसणं थांबलं. "भाविक मनुष्य आहे तो."

"धंदा?"

"देशी दारूचं दुकान आहे, पण..."

"बिदागी किती दिली? आन् वर आंगठी घातली नव्हं बोटात?"

सगळ्यांनी अंगठीकडे पाहिलं. महाराजांनी तो हात उपरण्याखाली घेतला. "आई, त्यानं भक्तीनं दिलं. मी धंदा बघून कीर्तन करत नाही, माणूस बघून करतो."

"मंग रोख्याच्या वक्ताला मानूस का न्हाय बगितला? आन् इंद्रजीता, तू तर रोजच जुगारात."

"आजी, टेस्टिंग!"

बायडाबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकत पाटीपाशी गेल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण पाटीचा शब्द न् शब्द पाठ होता. "हितं काय लिवलंय? संस्थेचा पैसा दारूला जाऊ ने. बराबर? दारूचा पैसा संस्थेला येऊ ने असं कुटं लिवलंय, म्हाराज? वाचून दावा."

दशरथ महाराजांनी खरोखरच पाटी पुन्हा वाचली. दोनदा वाचली. वडील इतके काटेकोर, पण नेमकं हे लिहायचं राहिलं होतं.

"संस्थेचा फंड सरकारात ठिवायचा," बायडाबाईंनी निकाल दिला. "त्यात जेवान जेवडं निगंल तेवडं निगंल. तूट तुमी तिगांनी भरायची. दिगूनं गाळ्याचं भाडं द्यायचं, दशरथानं अशा भाविकांची बिदागी, इंद्रजीतानं आपल्या पगारातनं. तुमच्या घरात पाप कशाला ऱ्हाऊ द्यायचं? द्या हिकडं, म्या भाकरीला लावते."

मग जे झालं ते पाहायला गेनबा महाराज हवे होते. तिघांचीही मतं भराभर उदार झाली. साखर कारखान्याची मळी हा तर वेगळाच विभाग असल्याचं दिगंबरला आठवलं. कॅप्सूल हल्ली वनस्पतीच्याही निघतात, असं इंद्रजीत म्हणाला. दशरथ महाराजांना पंपातून वाहणारं पाणी दिसू लागलं, आणि पाण्याला कसला दोष? मघाशी एकामागून एक नावं खोडणारे सगळे आता राजनंदिनीला लॅपटॉप उघडायचा आग्रह करत होते.

"मी आता तो मिटलाय," राजनंदिनी म्हणाली. "पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो. एकादशी आहे ना आज त्याची."

"आन् मगाशी पाप व्हतं ते आता पुन्य कसं झालं?" बायडाबाईंनी विचारलं. "न्हाय. ठरलं ते ठरलं."

"आणि मी नाही दिलं तर?" दिगंबर पेटला. "माझा गाळा आहे तो!"

"देऊ नगंस. तुज्या नव्या इमारतीच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर अजून माजं नाव हाय. सही कराया म्या पन येनार न्हाय."

इंद्रजीतच्या डोळ्यांपुढून सवलतीचा फ्लॅट निघून गेला आणि त्याने घाईघाईने आजीच्या बाजूने हात वर केला. दशरथ महाराजांनी सुशीलाबाईंकडे पाहिलं. त्या कौतुकाने सासूकडे पाहत होत्या, तेव्हा महाराजांनीही हात वर केला. दिगंबर एकटा पडला. त्याने ठरावावर सही केली ती कागद फाटेल इतक्या जोरात.

पण तो दिगंबर होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने गाडी स्वयंपाकघराच्या दाराशी लावली. "चल आई. पोरांच्या पोटात कसला पैसा घालणार आहेस तो डोळ्यांनी बघ तरी. मग बोलू."

आईला दारूचा वास सहन व्हायचा नाही, हे त्याला माहीत होतं. दहा मिनिटांत ती शिसारी येऊन बाहेर पडेल, ठराव मागे घेईल, आणि आपण मंगल कार्यालयाचं बघायला मोकळे, असा त्याचा हिशेब होता. बायडाबाईंनी पिठाचे हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि गाडीत बसल्या. वाटेत त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

परमिट रूममध्ये भर दुपारीही अंधार होता. सहा-सात टेबलांवर माणसं होती. कुणी दुकानदार, कुणी रिक्षावाला, कुणी पाळी संपवून आलेला कामगार. टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. दारात नऊवारीतली, गळ्यात तुळशीची माळ असलेली म्हातारी उभी राहिली, तशी गप्पांची कुजबुज झाली आणि कुजबुजीची शांतता. ग्लास टेबलाखाली गेले. एकाने घाईने बडीशेप तोंडात टाकली. गल्ल्यावरचा बद्रीनाथ, दिगंबरचा भाडेकरू, उठून उभाच राहिला. एवढी वर्षं इथे बायका आल्या होत्या त्या नवऱ्यांना ओढून न्यायला.

"आजी, कुणाला शोधताय?"

"कुनाला न्हाय. म्या ह्याची आई," त्या म्हणाल्या.

वास आला आणि बायडाबाईंनी खरंच पदर नाकाला लावला. गेनबा महाराजांची बायको इथे उभी आहे, या जाणिवेने त्यांना लाज वाटली. सत्तरी ओलांडल्यावर देवाने हे दाखवलं, म्हणून रडूही आलं. दिगंबरने हळूच कोपराला हात लावला. "चल, आई. बघितलंस ना?"

तोवर माणसं उठू लागली होती. एकाने हेल्मेट घेतलं. दुसरा वेटरला खुणेनेच बिल मागत होता. रिक्षावाला तर अर्धा ग्लास तसाच सोडून, अपराध्यासारखा भिंतीच्या कडेने दाराकडे सरकला आणि जाता जाता त्यांच्या पाया पडायला वाकला.

बायडाबाईंनी त्याचा खांदा धरला.

"बसा की रं," त्या म्हणाल्या. "समदे बसा. उटू नगा. तुमी उटलात तर माजी पोरं उपाशी ऱ्हातील."

कुणालाच काही कळेना. दिगंबरने मान फिरवली. बद्रीनाथने टीव्हीचा आवाज बंद केला. मग बायडाबाईंनी, दारातच उभं राहून, धायरीचं कॉलेज, लांबून आलेली पोरं, बँकेचं व्याज आणि या गाळ्याचं भाडं असं सगळं चार वाक्यांत सांगितलं. लपवलं काहीच नाही, माळसुद्धा पदराआड केली नाही.

रिक्षावाला पुन्हा आपल्या टेबलाशी जाऊन बसला. बाकीचेही बसले. थोडा वेळ कुणीच ग्लासाला हात लावला नाही. शेवटी त्यानेच विचारलं, "किती पोरं हायती, आजी?"

"साठ."

त्याने थोडा विचार केला. ग्लास टेबलाखालून काढून वर ठेवला आणि वेटरकडे वळून म्हणाला, "अजून एक आण."